‘खड्गकुंड’ कुणी खेळलं का?

आमच्या गावातल्या द्वारका चौकात फ्लेक्सवर जे चेहरे झळकतात, ते आधी माझ्या कॉम्प्युटरवर गोरे होतात. फ्लेक्स छापायचं दुकान आहे माझं. पूर्वी हाताने पाट्या रंगवायचो, म्हणून लोक अजून मला पेंटरच म्हणतात. वाढदिवस, निवड, फेरनिवड, काहीच नसेल तर नुसतं ‘इच्छुक’, सगळ्यांचं अभिनंदन माझ्या मशीनमधून फुटाच्या भावाने बाहेर पडतं. त्यामुळे या गावात कौतुक कसं तयार होतं हे मला कुणी शिकवायला येऊ नये. इतक्या वर्षांत एकाच माणसाचा अभिनंदनाचा फ्लेक्स छापताना माझं डोकं फिरलं. तो माणूस म्हणजे भारत काठे.

भारत इलेक्ट्रॉनिक वजनकाटे दुरुस्त करतो. लासलगावला कांद्याचा ट्रॅक्टर काट्यावर चढला आणि आकडा थरथरायला लागला, की शेतकरी आणि व्यापारी एकदमच ओरडतात, आणि भारतला फोन जातो. उंच, किडकिडीत माणूस. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी टेस्टर. घरची मखमलाबादला फुलशेती, वडील गोटीराम अजून झेंडू आणि शेवंती पिकवतात. लहानपणी भारत वडिलांबरोबर फुलबाजारात यायचा आणि फुलं विकली जाईपर्यंत पलीकडच्या गल्लीतल्या व्हिडिओ गेमच्या खोलीत उभा असायचा. तिथे तलवारी, कुऱ्हाडी घेऊन राक्षसांशी लढायचा एक परदेशी गेम होता. ते वेड त्याच्या डोक्यातून काही गेलं नाही. बाकीची पोरं मोठी झाली आणि जमिनीच्या व्यवहारात शिरली. हा मोठा झाला आणि स्वतःचा गेम बनवायला बसला.

कित्येक वर्षं तो ते करत होता. काटे दुरुस्त करून घरी यायचं आणि कॉम्प्युटरसमोर बसायचं. त्याची बायको शुभांगी शिवणाचे क्लास घेते. तिने सुरुवातीला समजूत घातली, मग भांडली, मग हात टेकले आणि शेवटी स्वतःच खेळून त्याला चुका सांगायला लागली. पण बायकोचं मत हा धरायचा नाही. ती घरची, ती म्हणणारच, असं त्याचं म्हणणं. खरं म्हणजे ती एकटीच काय ते खरं बोलत होती.

गेमचं नाव ‘खड्गकुंड’. एक मंतरलेलं कुंड आहे, त्याच्या तळाशी तलवार आहे, आणि ती मिळवायला सहा लढवय्ये निघालेत. कुणाकडे दांडपट्टा, कुणाकडे गदा, कुणाकडे आसूड. त्यातली एक शेवंता. मोकळे केस, मोठे डोळे, हातात विळा. कुंडाच्या काठावर पहिलाच जो राक्षस भेटतो त्याचं नाव गंजासुर. तो सगळा गंजाचा. त्याच्यावर वार केला की आपलं हत्यार गंजतं, आणि लढता लढता मध्येच खाली वाकून काठाच्या दगडावर त्याला धार लावावी लागते. ही धारेची कल्पना भारतची अगदी लाडकी होती. चित्रं मुद्दाम जुन्या पद्धतीची, जाड जाड ठिपक्यांची. मी म्हटलं, ‘‘अरे, आता एवढी गुळगुळीत चित्रं निघतात.’’ तो म्हणाला, ‘‘पेंटरकाका, हे रेट्रो आहे.’’ माझ्या हाताने रंगवलेल्या पाट्या लोकांनी भंगारात घातल्या तेव्हा त्यांना कुणी रेट्रो म्हटलं नव्हतं.

गेम बाहेर पडला आणि स्वागत असं झालं की विचारू नका. मोबाईलवर उतरवून घ्यायची सोय होती. तिथे खाली लोकांनी पाच-पाच तारे दिले. ‘अभिनंदन दादा’, ‘काठे परिवाराचा अभिमान’, ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’. यातल्या निम्म्यांच्या फोनमध्ये गेम मावतच नव्हता, कारण फोन सकाळच्या शुभेच्छांच्या फोटोंनी गच्च भरलेले. एकाने फक्त एक तारा दिला होता. भारत तो बघून इतका खूश झाला की फोन घेऊन माझ्या दुकानात पळत आला. ‘‘काका, कुणीतरी खेळलं! आवडलं नाही त्याला!’’ मग आम्ही दोघांनी ते वाचलं. त्या गृहस्थाचं कुरिअर आलं नव्हतं आणि तक्रार कुठे करायची हे त्याला समजत नव्हतं.

पुण्याचा एक जण जुन्या गेमवर व्हिडिओ बनवतो. त्याने ‘आपल्या मातीतला रेट्रो’ असा व्हिडिओ टाकला. पडद्यावर सगळा वेळ सुरुवातीचं एकच चित्र होतं आणि तो आपल्या बालपणाबद्दल बोलत होता. शेवटी हेडफोन घ्यायला सांगून मोकळा झाला. पेपरात बातमी आली, ‘फुलशेतकऱ्याच्या मुलाची जागतिक झेप’. बातमीत उपस्थितांची नावं होती, सूत्रसंचालकाचं होतं, आभार मानणाऱ्याचंही होतं. गेम कशाचा आहे ते राहून गेलं.

एका वाचनालयाने तर परिसंवाद ठेवला. मी फ्लेक्स लावायला गेलो होतो म्हणून ऐकला. एक निवृत्त प्राध्यापक बराच वेळ बोलले. या कलाकृतीतलं शस्त्र हे शस्त्र नसून माणसाच्या आतल्या पोकळीचं रूप आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं. टाळ्या झाल्या. भारतने हात वर केला आणि अगदी साधेपणाने विचारलं, ‘‘सर, तुम्ही कुठपर्यंत पोचलात?’’

‘‘मी थेट आशयापर्यंत पोचलो,’’ प्राध्यापक म्हणाले.

‘‘नाही, म्हणजे गंजासुर हरला का तुमच्याकडून?’’

प्राध्यापक हसले, सभा हसली, आणि भारतच्या खांद्यावर शाल पडली. शाल पडली की आपल्याकडे चर्चा संपते. त्या वर्षी त्याच्या घरात एवढ्या शाली जमल्या की शुभांगीने क्लासच्या मुलींना कापायला दिल्या. लोक काही वाईट नव्हते, पण मला त्यांचा राग यायचा. तुम्ही भाजीवालीकडे गेलात, तिच्या मेथीला हार घातला, आरती ओवाळली आणि जुडी न घेताच निघून आलात, तर तिने संध्याकाळी काय करावं? भारतला हार नको होता. घराबाहेरच्या एका माणसाने, एकाच माणसाने, तो गेम मन लावून खेळावा आणि काय वाटलं ते सांगावं, एवढंच त्याला हवं होतं.

म्हणून शेखरभाऊंनी जेव्हा फुलबाजारात मोठं मशीन ठेवायची कल्पना काढली, तेव्हा भारतचे डोळे चमकले. शेखरभाऊ म्हणजे आमच्या फुलबाजाराच्या व्यापारी मंडळाचे अध्यक्ष आणि कायमचे इच्छुक. त्यांना दसऱ्याच्या सुमारास कार्यक्रम हवा होता. बाजाराच्या ओसरीत मशीन उभं करायचं, नाणं टाकून कुणीही खेळायचं, आणि पहिल्या दिवशी स्पर्धा. दिवस त्यांनीच ठरवला, खंडेनवमी. ‘‘हत्यारांचा गेम, हत्यारांचा दिवस!’’ ते म्हणाले, आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. भारतनेही डोलावली. पहिली चूक ती.

दुसरी चूक म्हणजे मशीनचा लाकडी सांगाडा धोंडीराम सुताराकडे दिला. धोंडीराम चांगला कारागीर आहे, पण त्याने जन्मभर देव्हारेच केले. भारतने कागदावर चित्र काढून दिलं होतं. धोंडीरामने त्याबरहुकूम सगळं केलं आणि वर जरा मोकळं मोकळं वाटतं म्हणून एक महिरप टाकली. महिरप टाकल्यावर कळसाशिवाय ती बरी दिसेना. पडद्याच्या दोन बाजूंना त्याने समया ठेवण्यापुरत्या फळ्याही काढल्या. ‘‘गिलास-बिलास ठेवायला होतील,’’ म्हणाला. पडद्यावर रिकाम्या वेळी शेवंता विळा घेऊन डोळे वटारून उभी असते. महिरपीखाली ती अशी काही दिसायला लागली की मी स्वतः चपला काढणार होतो.

खंडेनवमीला सकाळी शेखरभाऊंची आई मंगलाबाई ताम्हण घेऊन आली. आमच्याकडे त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं-अवजारं धुऊन पुसून मांडतात. कोयता, कुदळ, सुताराचा रंधा, शिंप्याची कात्री, सगळ्यांना हळदकुंकू. मंगलाबाईने महिरपीला झेंडूचा हार घातला, पडद्यावर शेवंताच्या कपाळाच्या अंदाजाने कुंकू लावलं, हँडलला हळद लावली, बटणांना लावली, आणि खाली सूचना लिहिल्या होत्या त्यांच्यावरही चार बोटं ओढली. नारळ फुटला. भाषणं झाली. मग स्पर्धेतला पहिला खेळाडू, रोहित नावाचा कॉलेजातला मुलगा, बाह्या वर सारून पुढे झाला.

मंगलाबाईने त्याच्या हातावर फटका मारला. ‘‘आजच्या दिवस हत्याराला हात लावत्यात का? पूजा झाली ना आत्ता!’’

बाई बरोबर बोलत होती. पुजलेलं अवजार त्या दिवशी कामाला लावत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. शेखरभाऊंनी भारतकडे पाहिलं. पण भारतची स्वतःची पान्ह्या-टेस्टरची पेटी सकाळपासून घरी हळदकुंकू लावून बसली होती आणि त्यासाठीच त्याने निफाडचा एक काटा दुसऱ्या दिवसावर टाकला होता. स्पर्धा रद्द झाली. बक्षिसं उपस्थितांमध्ये पदाच्या क्रमाने वाटण्यात आली.

दुसऱ्या दिवशी दसरा. झेंडूच्या राशींतून मशीन दिसतही नव्हतं. गर्दी ओसरली तेव्हा रोहित आणि मंडळी परीक्षांना लागली होती, आणि मशीन कुंकू-हारासकट तिथेच उभं होतं. कुंकू पुसायला कुणी धजेना. पहिल्यांदा एका गजरेवालीने जाता जाता हात जोडले. मग कुणीतरी फळीवर उदबत्ती लावली. मग एकाला नाण्याची फट दिसली. फट दिसली की आपल्या लोकांना दुसरं काही सुचत नाही.

आता गंमत ऐका. नाणं पडलं की गेम सुरू होतो. लढवय्या निवडला नाही तर मशीन आपणहून शेवंताला पुढे करतं, समोर गंजासुर येतो आणि ठण्‌कन घंटा वाजते. घंटा वाजली की भाविक डोळे मिटतात. तिकडे हँडलला हात नाही, त्यामुळे शेवंता जागच्या जागी उभी राहते आणि गंजासुर तिला यथेच्छ बडवतो. प्रार्थना आटपून भाविक डोळे उघडतात, तोवर लढाई संपून पडद्यावर पुन्हा विळा घेतलेली, डोळे वटारलेली शेवंता हजर. भाविक समाधानाने जातो. आठवड्यातच तिला शेवंतामाता म्हणायला लागले. कुणाचं लग्न जमलं, कुणाचा पोलिसांनी अडकवलेला टेम्पो सुटला. शेखरभाऊंनी माझ्याकडे ‘श्री शेवंतामाता सेवा समिती’चा फ्लेक्स टाकला. देवीपेक्षा भाऊंचा फोटो मोठा, हे सांगायला नकोच.

‘‘भाऊ, तो गेम आहे,’’ भारतने जाऊन सांगितलं.

‘‘मला माहितीय रे,’’ शेखरभाऊ म्हणाले. ‘‘पण आता हलवलं तर भावना दुखावतील. अन् तुला काय कमी पडतंय? एवढा प्रतिसाद कोणाला मिळतो?’’

मी माझ्या पदरच्या फ्लेक्सवर ‘हा खेळ आहे, कृपया खेळा’ असं मोठ्या अक्षरांत छापून मशीनशेजारी टांगलं. दोन दिवसांनी पाहिलं तर त्या फ्लेक्सलाही हार होता.

भारत रोज संध्याकाळी कामावरून परतताना बाजारात थांबायचा. मशीनच्या बरोबर समोर लंकाबाईची फुलं घेऊन बसायची जागा आहे. लंकाबाई गोटीरामच्या वयाची, तोंडाने फटकळ, बाजारात तिला सगळे दबकून असतात. भारत तिला विचारायचा, ‘‘मावशी, आज कुणी खेळलं का?’’

‘‘नाय रे बाबा. पण लय लोक येऊन गेले.’’

रोज हेच. हळूहळू त्याने विचारायचंही सोडलं. नुसता मान हलवून पुढे जायचा. शुभांगी एकदा माझ्या दुकानात येऊन म्हणाली, ‘‘काका, हा नवीन काही करत नाही, जुन्याला हात लावत नाही. जेवताना पण गप्प असतो. लोकांनी शिव्या दिल्या असत्या तरी बरं झालं असतं.’’ मला फार वाईट वाटलं. मी मागे त्याच्यासमोर खेळून पाहिलं होतं आणि मला त्यातलं काही कळत नाही, असं तोंडावर सांगितलं होतं. पण त्याला ते कसं पुरावं? मला नातवाच्या फोनवरचा साधा खेळसुद्धा जमत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

मग एका दुपारी तो पेटी घेऊन आला. मला म्हणाला, ‘‘काका, जरा चला माझ्याबरोबर. मागची फळी धरायला कुणीतरी लागेल.’’

‘‘बिघडलं काय?’’

‘‘नाही. आतलं सगळं काढून घेतो. तिथे शेवंताचं एक चित्र छापून लावा तुम्ही. दिवा लावू मागे. नाणं पडलं की घंटा वाजेल. कुणालाही फरक पडणार नाही.’’

हे त्याने इतक्या शांतपणे सांगितलं की मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. एवढी वर्षं! पण मी काय बोलणार? चित्र छापून देणारा मीच. गेलो मुकाट.

त्याने मशीन जरा पुढे ओढलं आणि मागचे स्क्रू काढायला सुरुवात केली. लंकाबाई शेवंतीच्या फुलांवर पाणी मारत बघत होती. ‘‘काय रे भारत्या, काय करतो?’’

‘‘काढतोय मावशी. राहू दे, नुसतं चित्र ठेवतो.’’

‘‘म्हणजे ती मारामारी बंद?’’

भारतचा हात थांबला. ‘‘तुम्ही बघता?’’

‘‘बघता म्हणजे? समोर बसलीय, डोळे काय पिशवीत ठेवू? हे मेले पैसे टाकत्यात, डोळे झाकत्यात, अन् ती बाई तिकडं मार खाती. रोज! सकाळधरनं संध्याकाळपर्यंत मार खाती. माझं रक्त खवळतं.’’ तिने हातातलं पाण्याचं भांडं ठेवलं, पदर खोचला आणि उठली. ‘‘थांब. काढायच्या आधी त्या गंजक्याला मला एकदा हाणू दे.’’

ती हँडल धरणार, तेवढ्यात समितीचा एक कार्यकर्ता धावत आला. ‘‘ओ लंकाबाई, देवीला हात नका लावू!’’

‘‘ती मार खात होती तेव्हा कुठं होता रे तू?’’ लंकाबाई म्हणाली. तो गेला बाजूला. बाजारात त्या बाईशी वाद घालून कुणाचं भलं झालेलं नाही.

तिने नाणं टाकलं. घंटा वाजली, मागे दर्शनाला उभ्या असलेल्या दोघींनी सवयीने डोळे मिटले, आणि लंकाबाईने दिसेल ते बटण हाणायला सुरुवात केली. शेवंता पहिल्यांदाच हलली. उडी मारली, विळा फिरवला, एक वार तर गंजासुराच्या नाकावरच बसला. ‘‘घे!’’ लंकाबाई ओरडली. मग विळा गंजला, वार लागेनात आणि शेवंता मेली. तिने दुसरं नाणं टाकलं. पुन्हा मेली. मिटलेले डोळे उघडले होते, बाजूचे फुलवाले गिऱ्हाईक सोडून आले होते. कुणी म्हणे डावीकडे घे, कुणी म्हणे बस खाली. भारत मशीनच्या मागे कडेला उकिडवा बसून स्क्रू हातात धरून ऐकत होता. त्याला पडदा दिसत नव्हता. तो फक्त तिचं तोंड बघत होता.

बऱ्याच वेळाने तिने हँडल सोडलं आणि त्याच्याकडे वळली.

‘‘इकडं ये. कसला रे गेम बनवला हा? विळ्याला धार लावायला ती खाली वाकली की तो मारतो. वाकलेल्या बाईला मारायचं, ही काय लढाई झाली?’’

‘‘मावशी, वाकायच्या आधी त्याला लाथ मारून मागे ढकलायचं असतं. तांबडं बटण.’’

‘‘मग सांगायचं ना कुठंतरी!’’

‘‘लिहिलंय खाली. हळद आहे त्याच्यावर.’’

लंकाबाईने पदराने हळद पुसली. महिन्याभराची पूजा तिने दोन हातांत उतरवली आणि ओठ हलवत वाचलं. ‘‘बरं, हे एक झालं. पण ते दांडकं कडक हाय, म्हातारीच्या हाताला वळत नाय. अन् तिला पळायला येतं, तर पदर कसा जागचा हलत नाय? सहा जण हायत म्हणतो, मग बाई एकच का? अन् तो मरताना नुसता फुस्स करतो. एवढं हाणल्यावर जरा ओरडायला नको त्यानं? मजाच नाय येत.’’

ती बोलत होती, लोक हसत होते, मधेच आपली भर घालत होते. भारत उभा राहिला. सगळ्यांसमोर त्या लांबलचक माणसाच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं आणि ते पुसायचंही त्याला सुचलं नाही.

लंकाबाई एकदम वरमली. आपण जास्त बोललो असं तिला वाटलं असावं. तिने ओल्या हाताने त्याच्या दंडावर थोपटलं.

‘‘अरे, रडतो काय येड्या? एवढा पण वाईट नाय झाला.’’